मंत्रचळ आणि त्याच्या गोळ्या : गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते. डॉक्टरांसमोर जे विचारायला माणसं कचरतात, ते बाहेर आल्यावर मला विचारतात. गोळ्यांची पाकिटं हातात पडली की प्रश्न आणखी वाढतात. तेच प्रश्न इथे लिहून काढले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ‘गोळीनं काही झालं नाही’ म्हणत जे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांनी ती पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस घेतलेलीच नसते.

आणखी एक. आमच्याकडे ‘त्यानं औषध घेतलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं, कारण औषध म्हणजे फवारणीचं. म्हणून मी सगळीकडे ‘गोळी’ हाच शब्द वापरला आहे.

मंत्रचळ म्हणजे नक्की काय? हे वेड आहे का?

वेड नाही. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, पण मंत्रचळ हा आपला जुना शब्द चांगला आहे. एकच विचार मनात घुसतो, नको असताना घुसतो, हाकलला तरी परत येतो. त्याची धग कमी व्हावी म्हणून माणूस काहीतरी करतो : धुतो, तपासतो, मोजतो, मनात नाव घेतो, घरच्यांना तेच तेच विचारतो. थोडा वेळ बरं वाटतं आणि विचार परत येतो. बहुतेक रोग्यांना हे विनाकारण आहे हे पक्कं कळत असतं. कळूनही थांबता येत नाही, हीच त्याची वेदना आहे.

माझ्या मोठ्या आईला हा आजार होता. कपड्याच्या साबणाची वडी तिला दोन दिवस पुरत नसे. थंडीच्या दिवसांत तिच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटायची, त्यातून रक्त यायचं, आणि रक्त दिसलं की ती पुन्हा धुवायची. मार्च-एप्रिलमध्ये हापशीला पाणी यायचं बंद झालं की घरात रोज भांडण. ‘लय सोवळ्याची हाये’ असं म्हणून लोकांनी तिची पंधरा वर्षं काढली. शेजारच्या शहरातल्या एका डॉक्टरांनी तिला वर्षानुवर्षं नुसत्या झोपेच्या गोळ्या दिल्या. ती झोपायची, उठायची आणि धुवायची.

गावात याचे आणखी प्रकार दिसतात. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद केला की नाही हे पाहायला रात्री तीनदा शेतात जाणारा माणूस. गजानन महाराजांच्या फोटोसमोर हात जोडले की मनात घाण शिवी येते म्हणून देवघरात जाणंच सोडलेली बाई. कापडाची घडी ‘बरोबर’ बसेपर्यंत शाळेत न जाणारा पोरगा.

फवारणीनंतर हात धुणं हासुद्धा मंत्रचळ का?

अजिबात नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन किती घरं उघडी पडली, हे इथे कोणाला सांगायला नको. हातमोजे घालणं, वाऱ्याकडे पाठ करणं, नंतर साबणाने आंघोळ करणं, कपडे वेगळे धुणं, हे सगळं करायलाच हवं. फवारणी करून आलेला माणूस एकदा नीट आंघोळ करतो, जेवतो, झोपतो. मंत्रचळाचा माणूस आठ दिवसांपूर्वीच्या फवारणीसाठी आज चौथ्यांदा आंघोळ करतो आणि लेकराला जवळ घेत नाही. दिवसाचा तासाभरापेक्षा जास्त वेळ यात जात असेल, किंवा काम, शाळा, संसार अडत असेल, तर तो आजार समजून दाखवायला यावं.

‘मले उदासी नाई, मंग उदासीच्या गोया काऊन देल्या?’

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गोळीचं नाव मोबाईलवर शोधलं की ‘अँटिडिप्रेसंट’ येतं आणि माणूस समजतो, डॉक्टर चुकले.

गोळीला नाव मिळतं ते तिचा पहिला उपयोग ज्यासाठी झाला त्यावरून. अ‍ॅस्पिरीन डोकेदुखीसाठी घ्यायचे, आज तीच गोळी लहान डोसमध्ये हृदयाच्या रोग्याला देतात. तसंच इथे झालं. क्लोमिप्रामीन ही उदासीची गोळी मंत्रचळालाही लागू पडते, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आलं. पुढे नीट तुलना केल्यावर कळलं की उदासीची कोणतीही गोळी इथे चालत नाही. मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर जोरदार काम करणाऱ्या गोळ्याच चालतात. उदासी अजिबात नसलेल्या माणसाचा मंत्रचळही त्यांनी कमी होतो. अमेरिकेत क्लोमिप्रामीनला मंत्रचळासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली आणि नव्वदच्या दशकात तिच्या मागोमाग नव्या गोळ्या आल्या.

पंधरा वर्षं हात धुऊन थकलेल्या माणसाला उदासीही येतेच. तेव्हा एकाच गोळीने दोन्हीला उतार पडू शकतो.

कोणत्या गोळ्या देतात?

सुरुवात बहुधा एसएसआरआय (सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नव्या गोळ्या) या गटातल्या एका गोळीने होते : फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन, एस्सिटालोप्राम किंवा पॅरॉक्सेटीन. यांच्यात ‘सगळ्यात भारी’ अशी कोणतीच नाही. निवड होते ती तुमचं वय, बाकीचे आजार, चालू असलेल्या इतर गोळ्या आणि आपल्या दवाखान्यात काय मिळतं यावरून. क्लोमिप्रामीन जुनी आणि ताकदीची आहे, पण तिचे त्रास जास्त, म्हणून ती सहसा नंतर वापरतात.

मेडिकलवाला म्हणतो, हा डोस डबल आहे. खरं आहे का?

तो खोटं बोलत नाही, त्याला आजार माहीत नसतो एवढंच. उदासीला फ्लुओक्सेटीनचे २० मिलिग्रॅम बऱ्याचदा पुरतात. मंत्रचळाला ४० ते ८० लागू शकतात. सर्ट्रालीन उदासीला ५० वर भागू शकते, इथे २०० पर्यंत न्यावी लागते. फ्लुवोक्सामीन ३०० पर्यंत जाते. पहिल्याच दिवशी एवढं कोणी देत नाही. लहान डोसने सुरू करून काही आठवड्यांत पायरी पायरीने चढवतात.

हे आकडे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अर्ध्या डोसवर सहा-सहा महिने राहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं गोळी निकामी आहे. पण आकडा वाचून स्वतःच डोस वाढवू नका. वय, यकृत, हृदय पाहून तो डॉक्टरच ठरवतात.

‘पंधरा दिवस झाले, काहीच फरक नाई. बंद करू काय?’

करू नका. माझी सगळ्यात कळकळीची विनंती हीच आहे.

तापाची गोळी तासाभरात उतरवते, म्हणून आपल्याला वाटतं प्रत्येक गोळीने तसंच करावं. मंत्रचळात गोळी चालते की नाही हे ठरवायला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि त्यांतले निदान चार ते सहा आठवडे चांगल्या डोसवर जायला हवेत. कपाशीची सरकी टोबली की महिन्याने कोणी वेचायला जात नाही. पात्या लागतात, फुलं येतात, बोंडं धरतात, मग वेचणी. पण कपाशीला रोज पाहायची सवय असलेला माणूससुद्धा गोळीच्या बाबतीत घाई करतो.

पहिल्या पंधरा दिवसांत होतं असं की गोळीचा त्रास दिसतो आणि फायदा दिसत नाही. मळमळ, अस्वस्थपणा, झोप मोडणं, सगळं याच काळात. एक पोरगा अठराव्या दिवशी गोळ्या सोडून आला. स्टार्टर तपासायला जाणारा तोच. त्याला मी वही दिली आणि रात्री किती वेळा शेतात गेलास तेवढंच लिही म्हटलं. पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात वहीत तीन, तीन, चार असं होतं. सहाव्या आठवड्यात तीन, दोन, तीन. तो म्हणाला, ‘मॅडम, काही नाई झालं.’ अकराव्या आठवड्यात पानावर एक, शून्य, एक, शून्य, शून्य आलं. फरक पडायला लागलाय हे त्याच्या बायकोला त्याच्याआधी कळलं होतं, कारण रात्री फाटकाची कडी वाजणं कमी झालं होतं.

म्हणून वही ठेवा. डॉक्टरांकडेही दहा प्रश्नांची येल-ब्राऊन मोजपट्टी असते, शून्य ते चाळीस गुणांची. गुण २८ वरून १८ वर आले तर ते मोठं यश आहे, रोग्याला ते कमी वाटलं तरी.

गोळीने पूर्ण बरं होतं का?

काहींचं होतं. जास्त करून ‘पुष्कळ कमी’ होतं. पहिल्या गोळीने दहांतल्या चार ते सहा जणांना चांगला गुण येतो. विचार येतात, पण त्यांची धार जाते. मोठी आई शेवटी शेवटी म्हणायची, ‘वाटते धुवावं, पण आता तसं सोडता येते.’

काय त्रास होतात?

मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकेदुखी, तोंड कोरडं, हातांना बारीक कंप, झोप कमी किंवा जास्त. हे बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. जेवून गोळी घेतली की मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी घ्या, गुंगी येत असेल तर रात्री, पण वेळ बदलण्याआधी विचारून.

लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर होणं, हा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि तो आपोआप जाईलच असं नाही. पुरुष हे सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात. बायका तर त्याहून बोलत नाहीत. डॉक्टरांना सांगा. डोस किंवा गोळी बदलता येते. यात लाजण्यासारखं काही नाही.

क्लोमिप्रामीनने बद्धकोष्ठ, गुंगी, वजन वाढणं आणि लघवीला अडखळणं होऊ शकतं. ती देताना हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी काढायला सांगतात. तिच्याने पुष्कळांना घामही जास्त येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जास्त घामाने अंगातलं पाणी कमी होतं. ती चालू असेल तर दुपारचं उन्हातलं काम टाळा आणि पाणी, ताक पीत राहा.

दोन धोके मात्र थांबून ऐका. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीला किंवा डोस वाढवताना जीव नकोसा वाटण्याचे विचार येऊ शकतात. हे क्वचित होतं, पण घरच्यांनी पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहावं आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवावं. हे कुलूप मी प्रत्येक घराला सांगते, गोळी चालू असो वा नसो. दुसरा धोका : गोळी सुरू झाल्यावर माणूस अचानक खूप बडबड करू लागला, झोपेशिवाय ताजातवाना राहू लागला, पैसे उधळू लागला, तर लगेच दवाखान्यात आणा.

अंगदुखीच्या गोळ्या, चहा, मोहाची दारू?

मजुरी करणाऱ्या माणसाच्या खिशात अंगदुखीची गोळी असतेच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या एसएसआरआयबरोबर रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. फ्लुवोक्सामीन चालू असेल तर कंबरदुखीच्या गोळीत टिझॅनिडीन नाही ना, हे पाकिटावर वाचा किंवा वाचून घ्या. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. फ्लुवोक्सामीनबरोबर चहाचा अंमलही अंगात जास्त वेळ राहतो, म्हणून संध्याकाळनंतरचा चहा सोडा. दारूने गुंगी वाढते आणि उदासीही. ती नकोच.

‘या गोया घेतल्या का सवय लागते म्हंते, खरं हाये काय?’

दोन वेगळ्या गोळ्यांची इथे गल्लत होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांची सवय लागू शकते. शिवाय मंत्रचळाच्या मुळावर त्या काम करत नाहीत. एसएसआरआयची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासाही वाटत नाही. मात्र एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं असे त्रास होतात, पॅरॉक्सेटीनमध्ये विशेष. म्हणून ती हळूहळू उतरवतात.

आमच्याकडे गोळ्या तुटतात त्या वेचणीत. घरातलं एक माणूस दवाखान्यात म्हणजे एक रोज बुडाला. पाकीट संपायच्या आठ दिवस आधी या, किंवा घरच्या माणसाला जुनी चिठ्ठी देऊन पाठवता येईल का हे आधीच विचारून ठेवा.

किती वर्षं घ्यायच्या?

बरं वाटायला लागल्यापासून निदान एक ते दोन वर्षं. मग डॉक्टर काही महिन्यांत थोडा थोडा डोस उतरवून पाहतात. आजार वारंवार उलटत असेल तर जास्त काळ. बीपीची गोळी आयुष्यभर घेणाऱ्या माणसाला कोणी बोल लावत नाही, मग याला का लावावा?

गोळीशिवाय नुसत्या समुपदेशनाने होत नाही का?

सौम्य आजारात होऊ शकतं. नुसतं ‘विचार करू नको’ सांगून मात्र काहीच होत नाही. जी पद्धत चालते तिच्यात ज्याची भीती आहे त्याला ठरवून सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. तिचा पाया व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये घातला.

एका बाईला दाराजवळच्या पोत्याला हात लावायचा होता. हात लावला आणि तिने तळवे वर धरले, मेंदी लावल्यासारखे. मी म्हटलं, मांडीवर ठेवा. ठेवले. तिच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघी गप्प बसलो. चाळीसेक मिनिटांनी तीच म्हणाली, ‘आता तेवढं नाई वाटत.’ ही भीती आपोआप उतरते, धुतल्याशिवाय उतरते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तीन महिन्यांपूर्वी, गोळी नसताना, ती त्या पोत्याकडे पाहूही शकत नव्हती. गोळीने धग कमी केली म्हणून सराव जमला. आजार जोराचा असेल तर दोन्ही एकत्र करावं असं माझं मत आहे.

घरच्यांनी काय करायचं?

रागावू नका, आणि आजाराची चाकरीही करू नका. ‘स्टार्टर बंद आहे ना?’ याला दहा वेळा ‘हो’ म्हणणं ही माया वाटते, पण त्याने आजाराला खतपाणी मिळतं. एकदा उत्तर द्या. पुढच्या वेळी म्हणा, ‘हे तुम्ही नाही, तुमचा आजार विचारतो आहे. मी जवळ बसतो, पण उत्तर देणार नाही.’ हे एकदम करू नका. रोग्याशी बोलून, ठरवून, थोडं थोडं करा.

बाहेरचं असेल तर? सैलानीच्या दर्ग्यावर नेऊन आणलं.

श्रद्धेवर मी बोलत नाही. कोणी शेगावला जातं, कोणी सैलानीला, मन शांत होत असेल तर जावं. फक्त गोळी बरोबर न्या आणि तिथेही वेळेवर घ्या. साखळीने बांधणं, मारणं, धुरी देणं हे कोणी सांगत असेल तर तिथून निघा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी उपायांवर बंदी आहे.

पहिली गोळी लागू पडली नाही तर?

दुसरी एसएसआरआय, मग क्लोमिप्रामीन, किंवा चालू गोळीला अ‍ॅरिपिप्राझोल वा रिस्पेरिडोनचा लहान डोस जोडतात. रिस्पेरिडोनचं नाव शोधलं की ‘स्किझोफ्रेनिया’ दिसेल. घाबरू नका, वर नावाबद्दल जे सांगितलं तेच इथेही लागू आहे.

सून गरोदर आहे. गोळी बंद करू का?

आपल्या मनाने नाही. पॅरॉक्सेटीन या काळात सहसा टाळतात. बाकी गोळ्यांचा धोका आणि आजार उलटण्याचा धोका तोलून डॉक्टर ठरवतात, आणि बऱ्याचदा गोळी चालू ठेवतात. सर्ट्रालीन आईच्या दुधात फार कमी उतरते.

बाळंतपणानंतर हा आजार नव्याने सुरू होऊ शकतो किंवा वाढतो. ‘माझ्या हातून बाळ विहिरीत पडेल’, ‘विळी दिसली की भलतंच मनात येतं’ असे विचार येतात आणि आई थरथरते, बाळाला घेईनाशी होते. या विचारांची तिला किळस येते, भीती वाटते. असा विचार मनात आला म्हणजे ती तसं करेल, असं होत नाही. तिला दुष्ट म्हणू नका, दवाखान्यात आणा. बाळंतीण असंबद्ध बोलत असेल, कानात आवाज येतात म्हणत असेल, झोपतच नसेल, तर तो वेगळा आजार आहे. तेव्हा त्याच दिवशी आणा.

लहान मुलांना देतात का?

देतात. सर्ट्रालीनला सहा वर्षांपुढच्या मुलांच्या मंत्रचळासाठी अमेरिकेत मान्यता आहे. पण मुलांमध्ये आधी सराव, आणि गोळी लागलीच तर लहान डोस व बारीक लक्ष.

कुठे जायचं? खर्च किती?

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागाची चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले लोक काही तालुक्यांत ठरलेल्या वारी येतात. तो वार आशाताईला विचारा. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात साठा असेल तेव्हा गोळ्या मिळतात. बाहेरून घ्यायच्या झाल्या तर जनऔषधी दुकानात त्याच गोळ्या पुष्कळ स्वस्त पडतात. जाणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असेल तर वाट न पाहता याच नंबरवर बोला किंवा जवळच्या दवाखान्यात जा.

मनात येतं ते तोंडाने सांगवत नाही. डॉक्टरांना काय सांगू?

कागदावर लिहून आणा. देवाविषयीचा, बहिणीविषयीचा, लेकराविषयीचा, कसलाही विचार असो. या डॉक्टरांनी असले विचार शेकडो वेळा ऐकलेले असतात. देवघरात जाणं सोडलेल्या त्या बाईने वहीच्या पानावर दोन ओळी लिहिल्या होत्या. घामाने ओला झालेला तो कागद आठ घड्या घालून मुठीत धरला होता. डॉक्टरांनी वाचला, घडी घालून तिला परत दिला आणि विचारलं, ‘हे किती वर्षांपासून येते, माय?’ ती म्हणाली, ‘बावीस.’